सज्ज्याचं समारकाम

खुर्चीचा मागचा डावा पाय लादीतून खाली गेला आणि आई तिरकी झाली. पडली नाही. मांडीवरची गवारीची थाळी तिनं आधी सावरली, मग कठडा धरला. खाली गल्लीत सिमेंटचा ढपला आपटल्याचा आवाज झाला. समोरच्या बेन ओट्यावरून ओरडल्या, "माजी, वाग्युं तो नथी ने?" आईनं वरून सांगितलं, "ना ना, खुर्चीने वाग्युं." लागलं ते खुर्चीला.

ऑगस्ट २०२२ मधली गोष्ट. आमचं घर बडोद्याच्या रावपुऱ्यातलं, तांबेकर वाड्याच्या जवळच्या गल्लीत. पणजोबांनी ते १९०८ साली विकत घेतलं, खरेदीखत मोडीत आहे. खाली विटा-चुन्याच्या भिंती, वर सागाचे खांब, कडीपाटाचं लाकडी छत आणि पहिल्या मजल्याला गल्लीवर आलेला लाकडी सज्जा, सोळा फूट लांब, साडेतीन फूट रुंद. त्याला खालून तोलणारे कोरीव लाकडी आधार, पाच घोडे. मिस्त्री त्यांना मदळ म्हणतात, आम्ही लहानपणापासून घोडेच म्हणत आलो. प्रत्येकावर एक पोपट आहे, आणि मधल्याची चोच माझ्या काकांनी क्रिकेटच्या चेंडूनं तोडली, असं घरात सगळे सांगतात. काका मात्र कधी कबूल झाले नाहीत.

आईचं वय तेव्हा त्र्याऐंशी. तिचा दिवस या सज्ज्यात जातो. भाजी निवडणं, पेपर, समोरच्या बेनशी गुजराती-मराठीच्या खिचडीत गप्पा, गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीचे ढोल. त्यामुळे "काही दिवस सज्जात बसू नकोस" हे वाक्य म्हणायला सोपं होतं, पाळून घ्यायला नाही. मी दाराला कुलूप लावलं. तिनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

मग मी पहिल्यांदा खाली गल्लीत उभं राहून सज्जा नीट बघितला. पन्नास वर्षं त्याच्याखालून गेलो असेन, पण मान वर करून कधी पाहिलं नव्हतं. फळ्यांच्या खालच्या अंगाला पांढऱ्या बुरशीचे पापड सुटले होते. भिंतीतून कड्या, म्हणजे सज्जा तोलणाऱ्या आडव्या तुळया, जिथे बाहेर येतात तिथे लाकूड काळं पडलं होतं. मी छत्रीचं टोक एका कडीत टोचलं, ते बोटभर आत गेलं. दुसऱ्या कडीत अजिबात गेलं नाही, छत्रीचंच टोक वाकलं. ही छत्रीची परीक्षा पुढे सगळ्या कामाचा पाया ठरली, पण त्या दिवशी मला फक्त पोटात गोळा आला.

आठवड्याभरात तीन जण येऊन गेले. पहिला ठेकेदार म्हणाला, "हे सगळं काढा, आरसीसी स्लॅब टाकून देतो, एक लाख चाळीस हजार, पन्नास वर्षं बघायला नको." दुसऱ्याला लोखंडी अँगल आणि वर प्लास्टिक-लाकडाच्या फळ्या लावायच्या होत्या. तिसरा ठेकेदार नव्हताच. स्कूटरवरून हळूहळू जाताना तो थांबला, घोड्यांकडे बघितलं आणि विचारलं, "आ वेचवाना छे?" एका घोड्याचे आठ हजार, पाचही घेतले तर पंचेचाळीस. बडोदा, अमदावाद, जुनी गावं, सगळीकडे हा धंदा जोरात आहे. आपल्या गल्लीतला घोडा कुठल्या तरी रिसॉर्टच्या स्वागतकक्षात टेबलाचा पाय होऊन बसतो. पुण्याच्या भावाला फोन केला तर तो म्हणाला, "देऊन टाक की. आलेल्या पैशात स्लॅबचा तिसरा हिस्सा सुटतो." हिशेबात तो चुकीचा नव्हता.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. माझा एक शाळकरी मित्र विद्यापीठात वास्तुकला शिकवून निवृत्त झाला आहे. त्याला बघायला बोलावलं. त्यानं सज्जाकडे बघायच्या आधी गल्लीच्या टोकाकडे बोट केलं. "तो वाडा केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे. तुझं घर त्याच्या शंभर मीटरच्या आत आहे. खिळा ठोकायच्या आधी अर्ज कर."

तांबेकर वाडा आम्ही लहानपणापासून ओळखतो. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा तो वाडा, आत भिंतीभर चित्रं. पण त्याच्या अस्तित्वामुळे माझ्या सज्ज्यावर कायदा लागू होतो हे मला ठाऊक नव्हतं. गल्लीत निम्म्यांना ठाऊक नाही, उरलेल्या निम्म्यांना ठाऊक असून ते रात्री काम उरकतात.

कायदा थोडक्यात असा. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार राष्ट्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित आणि त्यापुढचा दोनशे मीटरचा नियंत्रित. प्रतिबंधित भागात नवं बांधकाम नाही. पण १६ जून १९९२ च्या आधीपासून उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती करायची असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घेऊन करता येते. यातली खरी मेख व्याख्यांमध्ये आहे. मित्रानं चष्मा लावून मला वाचून दाखवलं: 'पुनर्बांधणी' म्हणजे असलेली वास्तू त्याच लांबी-रुंदी-उंचीत पुन्हा उभी करणं, आणि 'दुरुस्ती व नूतनीकरण' यात पुनर्बांधणी येत नाही.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे तू सज्जा पूर्ण उतरवलास आणि हुबेहूब तसाच परत केलास, तर ती पुनर्बांधणी म्हणून अडवता येईल. उतरवायचा नाही. जागच्या जागी, कुजलं तेवढंच बदलायचं. गुजरातीत दुरुस्तीला सोपा शब्द आहे ना, समारकाम. बस, समारकाम कर."

स्लॅबचा विषय तिथेच संपला. घोडे विकण्याचाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. भावाशी भांडायची गरज राहिली नाही, कायदाच भांडला.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही, कुठलंही घर घेतलेल्या माणसाला ते पाठ असतं. सिटी सर्व्हेच्या कार्डावर अजून आजोबांचं नाव होतं. वारसाई लावायला, दोन चुलतभाऊ आणि एका आत्याच्या मुलीची संमती मिळवायला दीड महिना गेला. घर १९९२ च्या आधीचं आहे हे दाखवायला वडिलांनी जपून ठेवलेल्या घरपट्टीच्या जुन्या पावत्या कामी आल्या. आई म्हणाली, "बघ, तू रद्दीत टाकायला निघाला होतास." मित्रानं सज्जाची मापं घेऊन नकाशे काढले, प्रत्येक कडीचा, प्रत्येक घोड्याचा वेगळा फोटो, खडूनं क्रमांक घालून. अर्जात एकच वाक्य महत्त्वाचं होतं: आहे त्याच मापात, त्याच लाकडात, बाह्य रूप न बदलता दुरुस्ती. कायद्यातल्या मुदती एकापुढे एक मांडल्या तर साडेतीन महिने होतात. आम्हाला जरा जास्तच लागले. मधे एका कार्यालयात एका साहेबांनी फोटो बघून विचारलं, "एवढं जुनं झालंय तर पाडायची नोटीसच काढायला लावू का?" त्यांना बहुधा मदतच करायची होती.

तोवर सज्जाला टेकू लावले. भाड्याचे चार लोखंडी पाइप, खाली स्क्रूचा जॅक, वर आडवी तुळई. इथे माझा पहिला मूर्खपणा. संध्याकाळी मी एकटाच खाली गेलो आणि जॅक अजून थोडे आवळले. वाटलं, बाहेरचं टोक दोन इंच झुकलंय, हळूहळू उचललं तर सरळ होईल. सकाळी आतल्या खोलीच्या भिंतीला सज्जाच्या दाराच्या वर केसाएवढी भेग. मिस्त्री आले, त्यांनी माझ्याकडे न बघता जॅक परत सैल केले. "साहेब, टेकू म्हणजे हात धरणं. हात धरून कुणी ओढतं का?"

हे मिस्त्री मित्रानं शोधून दिले. संखेड्याकडचे, वय साठच्या पुढे, मंदिरांची आणि जुन्या हवेल्यांची कामं केलेले. बोलतात कमी. पहिल्या दिवशी त्यांनी माझी छत्रीची परीक्षाच केली, फक्त छत्रीऐवजी बारीक पटाशी आणि लाकडी हातोडी. प्रत्येक कडीवर दर वितीवर ठोका. घट्ट लाकूड टणटण बोलतं, कुजलेलं 'धप' म्हणतं. नऊ कड्यांपैकी पाच चांगल्या, एकीचं फक्त बाहेरचं टोक गेलेलं, तीन भिंतीतून बाहेर येतात तिथेच पोखरलेल्या. घोड्यांपैकी चार ठणठणीत. टोकाच्या एकाचा वरचा चार इंच भाग भुसा.

"एवढंच?" मी म्हणालो. मला वाटलं होतं सगळं गेलं.

"वरचं उघडू द्या," मिस्त्री म्हणाले.

फेब्रुवारीच्या शेवटी परवानगी आली आणि मार्चमध्ये वरचं उघडलं. यापुढे जे सापडलं त्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण जुन्या बडोद्यात माझ्यासारखी शंभर घरं असतील आणि शंभरातल्या नव्वदांनी हेच केलेलं असणार.

१९८७ साली वडिलांनी सज्जाची 'कायमची दुरुस्ती' केली होती. मी तेव्हा कॉलेजात होतो, मला ती आठवते. लाकडी फळ्यांमधून खाली पाणी गळायचं, खालून जाणारे ओरडायचे. म्हणून फळ्यांवर डांबरी कागद, त्यावर विटांच्या तुकड्यांचा सिमेंट कोबा, त्यावर पिवळ्या-तांबड्या ठिपक्यांची मोझेक लादी. कड्यांना आणि घोड्यांना चॉकलेटी ऑइलपेंट. केवढं छान दिसत होतं! शेजारपाजारचे बघायला आले होते.

कोबा तीन इंच जाड निघाला. मी कागदावर हिशेब मांडला. छप्पन चौरस फूट, तीन इंच, म्हणजे चौदा घनफूट. घनफुटाला साठ किलो धरले तर साधारण साडेआठशे किलो. म्हणजे पस्तीस वर्षं या सज्जावर रात्रंदिवस बारा माणसं उभी होती, आणि वर आम्ही मिरवणूक बघायला आणखी पंधरा उभे राहायचो. बाहेरचं टोक दोन इंचच झुकलं, याचंच आता नवल वाटतं.

पण वजनानं सज्जा मेला नाही. पाण्यानं मेला. आणि पाणी तर १९८७ च्या आधीही पडत होतं, फळ्यांच्या फटींतून सरळ खाली जात होतं. लाकूड भिजायचं आणि दोन उन्हात वाळायचं. लाकडाला खाणारी बुरशी लाकडात वीसेक टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली तरच वाढते. कोबा घातल्यावर काय झालं? लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. सिमेंट हटून बसतं. भिंत आणि लादी यांच्या सांध्यात केसाएवढी भेग पडली. पाण्याला आत शिरायला केसाएवढी भेग पुरते, बाहेर यायला वारा लागतो. वर डांबरी कागद, खाली ऑइलपेंट, वारा येणार कुठून? मित्राकडे दोन सुयांचं एक छोटं यंत्र आहे, लाकडात टोचलं की ओल सांगतं. मार्चमध्ये, सहा महिने पावसाचा थेंब नसताना, भिंतीजवळच्या कडीत त्यावर सव्वीसचा आकडा आला. उघड्या खांबात अकरा.

डांबरी कागद काढला तेव्हा खालच्या फळ्या हातात आल्या त्या तपकिरी चौकोनी तुकड्यांत, अर्धवट जळलेल्या कोळशासारख्या. बोटांत चुरडल्या तर तपकीर. मात्र मधे दोन फळ्या अख्ख्या होत्या. मिस्त्रींनी त्या रंध्यानं एकदा ताशीव केल्या आणि नाकाजवळ धरल्या. अस्सल साग, तेलाचा वास अजून येत होता. बाकीच्या कुठल्यातरी हलक्या लाकडाच्या, वडिलांनी कोबा घालायच्या आधी बदललेल्या. सागाच्या गाभ्यातल्या तेलामुळे त्याला बुरशी आणि वाळवी सहज लागत नाही. पण सागाचाही बाहेरचा पांढरा भाग घेतला तर त्याला वाळवी आवडीनं खाते. कड्यांमध्ये नेमकं हेच दिसलं. ज्या तीन पोखरल्या होत्या त्यांच्या कडेला पांढरा पट्टा होता.

मी संध्याकाळी आईला हे सांगितलं. वाटलं होतं, बाबांच्या कामावर बोट ठेवलं म्हणून ती रागावेल. ती म्हणाली, "मी तेव्हाच म्हणत होते, फळ्यांवर अनवाणी चालायला बरं वाटायचं. लादी थंडीत पायाला चावते." तिचा आक्षेप पस्तीस वर्षं जुना होता आणि तो कुणी नोंदवलाच नव्हता.

लाकूड आणायला मिस्त्रींबरोबर मी पण गेलो. नवा साग पट्टीचा हवा तर मिळतो, पण आज कापला जाणारा साग लवकर वाढवलेला, पांढरा भाग जास्त. मिस्त्रींना जुना हवा होता. जुना साग मिळतो तो पाडलेल्या घरांतून. शहराबाहेरच्या त्या वखारीत दारं, चौकटी, तुळया, जिन्यांचे कठडे, देवघरांच्या कमानी असा ढीग लागला होता. एका तुळईवर कुणीतरी कोळशानं दुधाचा हिशेब लिहिला होता, मराठीत. वखारवाल्यानं माझ्या मोबाईलमधले घोड्यांचे फोटो बघितले आणि सरळ प्रस्ताव ठेवला: पाच घोडे द्या, तुम्हाला लागेल तेवढं लाकूड फुकट न्या. मी मिस्त्रींकडे बघितलं. ते दुसऱ्या तुळईला नखानं खरवडत होते, ऐकलंच नाही असं दाखवत. शेवटी चौदा घनफूट घेतलं, तेहतीसशे रुपये घनफुटानं. आमचा सज्जा वाचवायला दुसऱ्या कुणाचं तरी घर पडलेलं होतं, हे परतताना टेम्पोत बसून मला सारखं जाणवत होतं. मिस्त्रींना तसं काही वाटत नव्हतं. त्यांच्या मते लाकूड कामाला लागलं, संपलं.

त्या लाकडातले जुने खिळे काढण्यातच दोन दिवस गेले. एक खिळा आत राहिला आणि रंध्याचं पातं गेलं, तेव्हा मिस्त्रींच्या तोंडून मी पहिली आणि शेवटची शिवी ऐकली.

आता मुख्य काम. कड्या सज्जापुरत्या नसतात. आतल्या खोलीच्या मजल्याच्या कड्याच भिंतीतून बाहेर येऊन सज्जा होतात, त्यामुळे पोखरलेली कडी ओढून काढायची तर खोलीचा मजला उकलावा लागतो. मिस्त्रींनी काढली नाही. खोलीतल्या तेवढ्याच फळ्या उचलल्या, कडीचा कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत तासून काढला आणि शेजारी नवी जोडकडी घातली, साडेतीन फूट बाहेर, सात फूट आत. बाहेर जेवढं, त्याच्या दुप्पट तरी आत हवं, म्हणजे बाहेर माणूस उभा राहिला की आतलं टोक उचललं जात नाही. दोन्ही कड्या स्टेनलेस स्टीलच्या बोल्टनं एकमेकींना बांधल्या. साधं लोखंड सागात घालायचं नाही. ओल लागली की गंज फुगतो, लाकूड चिरतं आणि भोवती काळा डाग धरतो. आमच्या घोड्यांवरचे जे काळे ओघळ मी कूज समजत होतो ते अर्धे असे खिळ्यांचे निघाले.

एका वेळी एकच कडी. ती पक्की झाली, टेकू सरकवला, मग पुढची. त्यामुळे सज्जा एकाही दिवशी 'नव्हता' असं झालं नाही. मधे पाहणीला आलेल्या माणसानं फोटो काढले, क्रमांकांशी ताडून बघितले आणि चहा घेऊन गेला.

टोक गेलेल्या कडीला मिस्त्रींनी तिरपा सांधा केला. जुनं आणि नवं लाकूड दोन्ही लांब उतारात कापून एकमेकांवर बसवायचं, मधे पाचर. सांधा इतका बसला की पोस्टकार्डाची कड जात नव्हती. पाचर ठोकताना त्यांनी मला बाजूला केलं आणि मुलाला हाक मारली. हा मुलगा तीस वर्षांचा, मॉड्युलर किचनची कामं करतो आणि वडिलांकडे फक्त सुट्टीत येतो. त्याला पाचर ठोकता आली. मिस्त्री काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी दोन वेळा चहा मागवला.

टोकाच्या घोड्याच्या डोक्यावर सागाचं थिगळ बसवलं. पोपटाला हात लावला नाही. मधल्या घोड्याची तुटकी चोच करून देऊ का, असं त्यांनी विचारलं, तर आईच म्हणाली, "राहू दे, काका अजून जिवंत आहेत."

भिंतीतल्या भोकांत, जिथून कड्या बाहेर येतात, तिथे वडिलांच्या वेळचं सिमेंट छिन्नीनं काढलं. गवंड्यानं महिनाभर भिजवलेला चुना आणला होता. कड्यांच्या भोवती चुना अंगाशी चिकटवला नाही, बाजूनं बोटभर हवेची जागा सोडली. भिंत आणि फळ्या जिथे भेटतात तिथे जस्ताचा पत्रा, एक कड भिंतीच्या सांध्यात आत आणि दुसरी पहिल्या फळीवर उतरती. फळ्या सव्वा इंच जाड, दोन फळ्यांत जाड पुठ्ठ्याएवढी फट, आणि सगळ्याला भिंतीपासून बाहेर किंचित ढाळ. बाहेरच्या तोंडपट्टीला खालून एक लांब खाच पाडली, पाणी तिथपर्यंत येऊन तुटावं, परत लाकडाच्या पोटाशी वळू नये म्हणून.

फळ्यांना पितळी स्क्रू. यातली एक खुबी मला फार आवडली. पितळ मऊ असतं, सागात सरळ पिळलं तर डोकं तुटतं. म्हणून आधी भोक पाडून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळायचा, आटे पाडून घ्यायचे, तो काढायचा आणि मग पितळी स्क्रू मेणबत्तीवर घासून आत. दोनशे चाळीस स्क्रू, प्रत्येक दोनदा. ते काम माझ्याकडे दिलं होतं. तीन तोडले.

कठड्यावरून मात्र वाद झाला. जुना कठडा सत्तावीस इंच उंच, खराद केलेल्या कांड्यांचा. त्या काळी माणसं सज्जात बसायची, उभी राहायची नाहीत. आज नातवंडं धावतात. मीटरभर तरी उंची हवीच. उंच नवा कठडा केला तर रूप बदलतं, परवानगीत ते बसत नाही. मित्रानं तोडगा काढला. जुना कठडा जसाच्या तसा, आणि त्याच्या आतल्या बाजूला चार इंच मागे, चाळीस इंचांवर एक बारीक पोलादी दांडी, तिच्याखाली दोन तारा, सगळं गडद रंगात. गल्लीतून दिसत नाही. आईला ती दांडी ओले नॅपकिन वाळत घालायला सोयीची वाटते, आणि त्यामुळे आता ती गल्लीतून चांगलीच दिसते.

शेवटी तेल. ऑइलपेंट नाही, व्हार्निश नाही, अळशीचं तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून तीन हात. दुसरा हात झाल्यावर मी चिंध्यांचा बोळा करून प्लास्टिकच्या डब्यात कोंबला, झाकण ठेवलं आणि जेवायला गेलो. एप्रिलची दुपार. आईला वास आला. डब्यातून धूर निघत होता, काडी लावलेली नसताना. अळशीचं तेल वाळताना तापतं आणि बोळ्यात ती उष्णता कोंडली की चिंध्या आपोआप पेटतात, हे मिस्त्रींनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. चिंध्या पाण्यात भिजवून किंवा पसरून वाळवायच्या, असंही. मी मान डोलावली होती. शंभर वर्षांचं लाकडी घर मी एका डब्यानं घालवणार होतो. बादली ओतली, मिस्त्री आल्यावर त्यांना काहीच सांगितलं नाही. त्यांनी ओला काळा डबा बघितला. संध्याकाळी निघताना म्हणाले, "उद्यापासून चिंध्या मी नेईन."

मेच्या पहिल्या आठवड्यात टेकू निघाले. एकूण एक लाख शहाण्णव हजार, त्यात पाच महिन्यांचं टेकूंचं भाडं आणि माझे तीन तुटके स्क्रू धरून. भाऊ सुट्टीत आला, सज्जात अनवाणी फिरला, जुन्या-नव्या लाकडाचे रंग बघून म्हणाला, "एवढे पैसे घालून ठिगळं दिसतातच की." दिसतात. नवं लाकूड लालसर, जुनं करडं. मिस्त्रींनी रंग मिळवून द्यायची तयारी दाखवली होती, मित्रानंच नको म्हटलं. कुठलं कधीचं हे पुढच्याला कळू दे, असं त्याचं म्हणणं.

जूनच्या मध्यावर बिपरजॉय वादळ कच्छच्या किनाऱ्यावर जखाऊजवळ आलं, त्या आठवड्यात इकडेही वारं सुटलं आणि पहिली सर आली. मी छत्री घेऊन खाली गल्लीत पळालो, तीच वाकलेल्या टोकाची. फळ्यांच्या फटींतून पाणी सरळ खाली येत होतं, घोड्यांना न भिजवता. बाहेरच्या कडेला खाचेपर्यंत येऊन थेंब तुटत होते, एका ओळीत, सोळा फूट. मी बघत उभा राहिलो.

समोरच्या बेन बाहेर आल्या. टेकू गेल्यापासून त्यांनी त्या मोकळ्या जागेत स्कूटर लावायला सुरुवात केली होती.

"अरे, आ तो बधुं मारी सीट पर ज पडे छे!"

आईनं वरून, दांडीवरच्या नॅपकिनाआडून सांगितलं, "एक फूट आघी लो."

त्यांनी स्कूटर एक फूट पुढे घेतली.